पवनार आणि गांवचा जमाखर्च

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्यानें पांच-सहा मैल गेलें म्हणजे धाम नदीचा पूल लागतो, आणि पूल आला म्हणजे पवनार आलें. बाहेरगांवचा मनुष्य येथें उतरतो तो बहुधा आश्रम पाहण्यासाठीं. खडकांवरून वाहणारें धामचें पाणी, १२ फेब्रुवारी १९४८ रोजीं जेथें गांधीजींच्या अस्थींचें विसर्जन झालें तो नदीचा कांठ, ब्रह्मविद्या मंदिर, आणि विनोबांस जमीन खणतांना सांपडलेल्या जुन्या मूर्ति, एवढें पाहून तो परत फिरतो. गांवांत शिरण्याचें त्यास कारण पडत नाहीं. विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही तेथें कित्येक वेळां गेलों आहों, आणि पहिल्या तीन-चार खेपांस आम्हींही याहून निराळें कांहीं केलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

एका खेपेस एका विद्यार्थ्यानें मूर्ति पाहतां पाहतां विचारलें, "सर, येथें राजधानी होती म्हणतां, मग त्या वेळीं लोकांना पाणी कोण देत होतें?" बाकीचे हंसले. आम्हांस मात्र उत्तर सुचलें नाहीं. राजांच्या वंशावळी आम्हांस तोंडपाठ होत्या, राज्यवर्षांचे मेळ आम्ही घालून देऊं शकत होतों. पण त्या राजधानींतल्या बाईनें घागर कोणत्या पाणवठ्यावर भरली, त्याबद्दल तिच्या घरास काय द्यावें लागे, आणि तें देणें कोठें लिहून ठेविलेलें असे, याचा विचार आम्हीं कधींच केला नव्हता. त्या दिवसापासून पवनार आमच्या दृष्टीनें निराळेंच गांव झालें. ज्या मुलुखांतील गांवांविषयीं दीड हजार वर्षें कोणी ना कोणी कांहीं ना कांहीं लिहून ठेवीत आला, त्या गांवांस तें लिहिलेलें कधीं वाचून दाखविलें गेलें काय, हा प्रश्न मनांत घेऊन आम्ही जुने कागद चाळूं लागलों. सध्यां 'पारदर्शक कारभार' हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडीं आहे. शब्द नवा आहे. त्याच्यामागची तक्रार तितकी नवी नाहीं.

पवनार म्हणजे वाकाटक नृपति दुसरा प्रवरसेन याचें प्रवरपूर, हें मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं मांडलें. नांवांतील साम्य, येथील मूर्ति आणि नदीकांठची जुनी पांढरी हे सर्व पुरावे त्यांनीं एकत्र आणिले. पुढें १९६७ सालीं नागपूर विद्यापीठाच्या वतीनें शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनीं त्या पांढरींत उत्खनन केलें आणि वस्तीचे थर ख्रिस्तपूर्व काळापर्यंत खालीं जातात असें दाखविलें. त्या मूर्ति रामकथेंतील कीं कृष्णकथेंतील, यावर विद्वानांत मतभेद आहेत. आणि रामटेकजवळच्या मनसर येथें झालेल्या उत्खननानंतर कांहीं संशोधक प्रवरपूर तेथेंच होतें असें म्हणूं लागले आहेत. हा वाद तोडण्याचा अधिकार आमचा नाहीं. आमच्या कामापुरतें एवढें पुरे कीं, इसवी सनाच्या पांचव्या शतकांत वर्धा-नागपूरच्या या टापूंतून गांवांसंबंधीं राजाज्ञा निघत, आणि त्या तांब्याच्या पत्र्यांवर कोरल्या जात.

अशा आज्ञांपैकीं सर्वांत बोलका ताम्रपट अमरावती जिल्ह्यांतील चम्मक येथें सांपडला. तो प्रवरसेनाच्या अठराव्या राज्यवर्षाचा असून प्रवरपुराहून दिलेला आहे. मधुनदीच्या कांठचें चर्मांक नांवाचें गांव, राजमानानें मोजलेल्या आठ हजार भूमि, शत्रुघ्नराजाचा पुत्र कोण्डराज याच्या विनंतीवरून एक हजार ब्राह्मणांस दिलें, असा त्यांतील मजकूर. एक हजार म्हटले खरे, पण नांवें कोरलीं आहेत तीं पन्नासाच्या आंतच. लाभ घेणाऱ्यांची यादी आणि प्रत्यक्ष नांवें यांचा मेळ न बसणें ही गोष्ट आजची नव्हे, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं. अर्थात् पत्र्यावर जागा थोडी, हेंही कारण असूं शकेल.

दान देतांना राजा गांवास काय काय माफ करितो, तें पाहण्यासारखें आहे. राजाचे शिपाई व चाकर गांवांत शिरणार नाहींत. गाई-बैलांवर हक्क सांगितला जाणार नाहीं. फुलें आणि दूध घेतलें जाणार नाहीं. गवत, कातडें, कोळसा मागितला जाणार नाहीं. मिठाची खाण व तिचा व्यवहार यांचा जाच होणार नाहीं. सर्व प्रकारच्या विष्टींतून गांव मोकळें राहील. या 'विष्टि' शब्दापासूनच आपली मराठी 'वेठ' आली. हीच यादी उलट बाजूनें वाचली, म्हणजे जीं गांवें दान दिलेलीं नव्हतीं त्यांची स्थिति कळते. तेथें शिपाई शिरत, गुरें नेत, दूध-फुलें उचलीत, कोळसा व कातडीं मागत आणि माणसें वेठीस धरीत. माफी दिलेल्या गोष्टींची नोंद हीच वसूल होणाऱ्या गोष्टींची नोंद होय. त्या काळच्या करपद्धतीची याहून स्पष्ट साक्ष आम्हांस ठाऊक नाहीं.

पण हा लेख कोणास उद्देशून आहे? राजाचे अध्यक्ष, आज्ञा पोंचविणारे कुलपुत्र, भट आणि छात्र यांस. 'तुम्हांस विदित असो' असें राजा म्हणतो, तें आपल्या नोकरांस. चर्मांकांत पूर्वींपासून जे कुणबी, गुराखी, चांभार राहत असतील त्यांस उद्देशून त्यांत एक अक्षर नाहीं. त्यांचें गांव त्यांच्यासकट दुसऱ्याच्या हातीं गेलें, आणि गेल्याची वार्ता त्यांनीं कोणाच्या तरी तोंडून ऐकली असावी. मात्र दान घेणाऱ्यांवर राजानें अटी घातल्या आहेत, त्या ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. राज्याशीं द्रोह करूं नये, चोरी, व्यभिचार, राजास विषप्रयोग असले अपराध करूं नयेत, युद्ध करूं नये, इतर गांवांस उपद्रव देऊं नये. असें वागतील तोंवर दान चालेल, आणि न वागतील तर राजानें तें परत घेतल्यास त्यास चोरीचा दोष लागणार नाहीं. पांचव्या शतकांतील एक राजा हक्काबरोबर जबाबदारी लिहून ठेवितो, ती भंगली तर काय होईल हेंही लिहून ठेवितो, आणि सर्व एकाच ताम्रपटांत! पुढच्या कित्येक सनदांहून हा लेख या बाबतींत सरस आहे.

मधला काळ आम्ही झपाट्यानें ओलांडतों. आइने-अकबरींत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्यें 'पनार' हें नांव येतें, म्हणजे मोगलांच्या दप्तरांतही हें ठाणें महत्त्वाचें होतें. नागपूरकर भोसल्यांच्या अमलांत गांवोगांव पाटील आणि हिशेब लिहिणारा पांड्या हे दोन मुख्य असत. तिसऱ्या रघूजीच्या अज्ञानपणीं राज्याचा कारभार पाहणारा रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यानें १८२७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालांत या मुलुखाचें वर्णन केलें आहे. गांवचा हिशेब त्या वेळींही होता. तो पांड्याच्या रुमालांत बांधलेला असे, आणि रुमाल सोडावयाचा तो वरून मागणी आली म्हणजे.

१८५४ सालीं नागपूर खालसा झालें, १८६१ सालीं मध्यप्रांत बनला आणि १८६२ सालीं वर्धा जिल्हा निराळा निघाला. या जिल्ह्याची पहिली जमाबंदी रिव्हेट-कार्नाक यानें केली. तिचा अहवाल १८६७ चा आहे. तिच्या द्वारां गांवच्या वसुलाचा जो मक्तेदार तो गांवाचा मालक ठरला, म्हणजे मालगुजार झाला. या व्यवस्थेची निंदा पुष्कळांनीं केली आहे आणि ती बहुतेक योग्यच आहे. परंतु तिच्याबरोबर एक कागद जन्मास आला, त्याविषयीं आमच्या सुशिक्षित वर्गांत फारसें कोणी बोलत नाहीं. त्या कागदाचें नांव 'वाजिब-उल्-अर्ज'. नांव परकें वाटतें खरें. परंतु त्यांतला 'वाजिब' तो आपला 'वाजवी' आणि 'अर्ज' तो आपला अर्जच. गांवाचें वाजवी सांगणें, असा त्याचा साधा अर्थ.

त्यांत गांवची वहिवाट लिहिली जाई. तळ्याचें पाणी कोणी कसें घ्यावें, वाट कोणाच्या शेतांतून जाते, गुरें कोठें चरावीं, सरपण कोठून आणावें, मालगुजारास कोणत्या गोष्टींत हात घालतां येतो आणि कोणत्या गोष्टींत येत नाहीं. या सर्व नित्याच्या गरजांस मिळून या प्रांतांत 'निस्तार' म्हणतात. 'निस्तरणें' या क्रियापदाशीं त्याचें नातें उघड आहे. ज्याच्यावर गरिबाचें घर निभावतें तो निस्तार. आज आपण ज्यास सार्वजनिक सोयी म्हणतों, त्यांचीच ही जुनी यादी होय. फरक एवढाच कीं, सोय म्हटली म्हणजे ती कोणीतरी करून द्यावयाची असते, आणि निस्तार हा आधींपासून असलेला हक्क म्हणून लिहिला जाई. आमच्या मतें हा फरक शब्दांचा नाहीं. नळ कोणी 'दिला', दिवा कोणी 'आणला', रस्ता कोणाच्या 'कृपेनें' झाला, अशी भाषा गांवांत रूढ झाली, त्या दिवसापासून हिशेब विचारणें हें उपकार फेडण्याऐवजीं उलट बोलण्यासारखें होऊन बसलें.

कोणी म्हणेल, तो कागद तरी मालगुजाराच्या मर्जीनेंच लिहिला गेला असेल. पुष्कळ अंशीं असेलही. ज्याच्या वाड्यावर जमाबंदीचा साहेब उतरे त्याच्या देखत गुराखी आपली चराई कितपत ठासून सांगूं शकला असेल, हें समजण्यास इतिहासाचा अभ्यास नको. तरी एकदां लिहिलेलें वाक्य नातवाच्या उपयोगीं पडतें. मालगुजारी १९५० च्या कायद्यानें रद्द होऊन ३१ मार्च १९५१ पासून संपली, पण निस्तार संपला नाहीं. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेंत 'निस्तार पत्रक' आणि 'वाजिब-उल्-अर्ज' हीं दोन्ही नांवें विदर्भासाठीं जशींच्या तशीं आहेत. जिल्हाधिकाऱ्यानें गांवांतील मोकळ्या जमिनीच्या व्यवस्थेचें पत्रक करावें; त्याचा मसुदा गांवांत प्रसिद्ध करावा; रहिवाशांची इच्छा जाणून घेऊन मग तें कायम करावें; शेतीच्या गुरांस फुकट चराई, घरखर्चापुरतें सरपण व माती, गांवच्या कारागिरांस सवलत, यांची त्यांत शक्य तितकी तरतूद असावी; पुढें ग्रामपंचायतीनें मागणी केली, किंवा पंचायत नसेल तेथें एक चतुर्थांश प्रौढ रहिवाशांनीं अर्ज केला, तर त्यांत बदलही करतां यावा. प्रवरसेनाच्या पत्र्यांत ज्यांस उद्देशून एक अक्षर नव्हतें, त्यांची इच्छा विचारण्याची आज्ञा येथें कायद्यानें केली आहे. आमच्या वर्गांत बसणारीं मुलें बहुतेक या जिल्ह्यांतील खेड्यांचीं. दरवर्षीं आम्ही त्यांस विचारतों कीं, आपल्या गांवाचें निस्तार पत्रक कोणीं पाहिलें आहे? हात वर झाल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

याच्या शेजारून दुसरा एक प्रवाह वाहत होता, तो स्थानिक स्वराज्याचा. लॉर्ड रिपनचा प्रसिद्ध ठराव १८ मे १८८२ चा. त्यास अनुसरून मध्यप्रांताचा कायदा १८८३ मध्यें झाला. वर्धा शहरास नगरपालिका त्यापूर्वींच, १८७४ सालीं मिळाली होती. लोकांनीं राज्यकारभार शिकावा म्हणून या संस्था, असें त्या वेळीं सांगण्यांत येई. पण त्यांत बसणारांपैकीं पुष्कळ सरकारनें नेमलेले, आणि नेमलेला मनुष्य नेमणाऱ्याकडे पाहून मत देतो. याला अपवाद झाले ते पुण्यास. १८७६ ते १८८२ या काळांत जोतीराव फुले तेथील नगरपालिकेचे नेमलेले सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याच्या स्वागतासाठीं पालिकेचा पैसा खर्च करावयाचें ठरलें, तेव्हां तो पैसा शिक्षणाकडे लावावा म्हणून त्यांनीं एकट्यानें विरुद्ध मत दिलें. बत्तीस नेमलेल्या सभासदांत एक! स्थानिक संस्थेच्या इतिहासांत आमच्या दृष्टीनें हें मत रिपनच्या ठरावाहून कमी मोलाचें नाहीं, आणि तें दोन वर्षांनीं आधींचें आहे.

इकडे मध्यप्रांतांत १९२० चा ग्रामपंचायत कायदा झाला, १९४८ सालीं तहसीलवार जनपद सभा निघाल्या, १९५६ मध्यें विदर्भ मुंबई राज्यांत आला, १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत कायदा झाला, आणि वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू होऊन जनपदें मावळलीं. इतक्या थोड्या काळांत इतक्या पाट्या बदलल्या कीं, कोणत्या कार्यालयांत कोणता कागद मागावा हें समजेपर्यंत तें कार्यालयच उठून जाई.

आणि 'गांव' म्हणजे कोण, हा प्रश्न राहतोच. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ मध्यें ठराव करून चवदार तळें अस्पृश्यांस खुलें केलें. २० मार्च १९२७ रोजीं डॉक्टर आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी तें पाणी प्रत्यक्ष प्याले. आणि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें त्याच पालिकेनें तोच ठराव मागें घेतला. ठराव जाहीर होता, मागें घेणेंही जाहीर होतें. म्हणजे उघडपणें केलेला अन्यायही अन्यायच असतो. वर्ध्यास जमनालाल बजाज यांनीं १९२८ सालीं आपलें लक्ष्मीनारायणाचें मंदिर सर्वांस मोकळें केलें, तेव्हां देशभर त्याची चर्चा झाली. यावरूनच त्या वेळच्या विहिरी-पाणवठ्यांची कल्पना करावी. घटना समितींत ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं डॉक्टर आंबेडकरांनीं खेड्यांवर जी कडक टीका केली तिनें गांधीजींचे पुष्कळ भक्त दुखावले, आणि त्याच महिन्यांत ग्रामपंचायतींविषयींचें कलम घटनेंत घालण्यांत आलें. आम्हांस दोन्ही गोष्टी योग्य वाटतात. पंचायत असावी, पण चावडीच्या पायरीखालीं ज्यास उभें केलें जाई, त्यास तिचा जमाखर्च ऐकूं येईल अशा बेतानें असावी.

आतां पुन्हां पवनारास येऊं. विनोबा येथें राहावयास आले ते १९३८ सालीं. १७ ऑक्टोबर १९४० रोजीं वैयक्तिक सत्याग्रहाचें पहिलें भाषण त्यांनीं येथेंच केलें आणि या लहान गांवाचें नांव देशभर गेलें. त्यांच्या चरित्रांतील आम्हांस सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट मात्र वर्तमानपत्रांत गाजलेली नाहीं. १९४६ पासून दीड-दोन वर्षें ते रोज सकाळीं फावडें खांद्यावर टाकून पवनारहून दोन-तीन मैलांवरच्या सुरगांवास चालत जात आणि तेथील मैला साफ करीत. ऊन असो, पाऊस असो. कोणा अधिकाऱ्यास त्यांनीं अर्ज केला नाहीं, कोणास दोष दिला नाहीं. सार्वजनिक सोय म्हणजे काय, याचें याहून पवित्र उत्तर या जिल्ह्यानें पाहिलें नसेल.

तरीही येथें आमचा एक मतभेद आहे, आणि तो नम्रपणें पण स्पष्ट सांगितला पाहिजे. विनोबांचा भर सर्वसंमतीवर आणि सेवकाच्या शुद्धतेवर. राजनीति सोडा, लोकनीति धरा. सरकारकडे पाहूं नका, गांवानें आपलें आपण करावें. सेवक विनोबांसारखा असेल तोंवर हें ठीक आहे. पण गांवचा फंड हा सेवकाच्या खांद्यावरच्या फावड्यासारखा नसतो; तो दिसत नाहीं. त्यांत घरपट्टी येते, पाणीपट्टी येते, दिवाबत्तीचा कर येतो, वरून अनुदान येतें. ज्यानें पट्टी भरली त्यानें पावती दाखवून पुढचा प्रश्न विचारला, तर तें सद्भावनेच्या विरुद्ध होत नाहीं. सर्वसंमतीच्या नांवाखालीं असा प्रश्न दाबला गेल्याचीं उदाहरणें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलीं आहेत. दाबणारे लोक खादी नेसत आणि मनाचे चांगलेही असत.

या बाबतींत पवनारपासून थोड्याच मैलांवर, सेवाग्रामांत, दुसरा धडा होता. गांधीजी सेवक होते आणि हिशेबनीसही होते. नाताळ इंडियन काँग्रेस १८९४ मध्यें निघाली, तेव्हां वर्गणीदार पावती मागत नसतांही ती दिलीच पाहिजे, पैन्‌पै लिहिली गेलीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता, आणि तें त्यांनीं आत्मचरित्रांत मोठ्या समाधानानें नमूद केलें आहे. लोकांनीं विश्वास ठेवला म्हणून हिशेब ठेवावयाचा नाहीं, हें त्यांस कधीं पटलें नाहीं. त्यांच्या नांवानें चाललेल्या चळवळींत चरखा उचलणारे पुष्कळ निघाले; पावतीपुस्तक उचलणारे त्या मानानें थोडे.

आज कायदा काय म्हणतो तें पाहा. ग्रामपंचायतीच्या १९५८ च्या कायद्यांतील आठवें कलम लहानसें आहे. आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आंत ग्रामसभेची पहिली बैठक भरलीच पाहिजे, आणि तिच्यापुढें पंचायतीनें चार कागद ठेविले पाहिजेत: वर्षाचा जमाखर्च, मागील वर्षाच्या कारभाराचा अहवाल, चालू वर्षीं करावयाच्या कामांची योजना, आणि शेवटच्या ऑडिटाचे शेरे व त्यांस दिलेलीं उत्तरें. म्हणजे तपासनिसानें काढलेली चूकसुद्धां गांवास वाचून दाखवावयाची! ताम्रपटापासून निघालेल्या माणसास एवढें वाचून धन्य वाटावें. याशिवाय २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहे. दहा रुपयांचा स्टँप लावून अर्ज केला तर तीस दिवसांत उत्तर द्यावें लागतें, आणि तोच कायदा असेंही म्हणतो कीं, पुष्कळशी माहिती कोणी न मागतांच प्रसिद्ध करावी.

आम्ही राहतों ती वस्ती पवनार नव्हे. तिचें नांव सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. दोन वर्षांपूर्वीं आम्हीं तेथील कार्यालयांत जाऊन नमुना पांचाची रोकडवही पाहण्यास मागितली. प्रथम लिहिणारे गृहस्थ रजेवर होते, नंतर कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे होती, तिसऱ्या खेपेस चहा मिळाला आणि "सर, तुमच्यासारख्यांनीं हें कशाला?" असा प्रेमळ प्रश्न मिळाला. त्या प्रश्नांत धमकी नव्हती, आश्चर्य होतें. चार बुकें शिकलेल्या माणसानें वही मागावी म्हणजे त्यास कोणाविरुद्ध उभें राहावयाचें असणार, याहून दुसरा अर्थ त्या गृहस्थांस सुचेना. आणि खरें सांगावयाचें तर दोष त्यांचा एकट्यांचा नाहीं. पंचवीस वर्षें आम्ही त्या वस्तींत राहिलों, स्थानिक स्वराज्यावर वर्गांत व्याख्यानें दिलीं, आणि ग्रामसभेस एकदांही गेलों नव्हतों.

मग गेलों. पहिल्या दिवशीं गणपूर्ति झाली नाहीं. शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या शेंकडा पंधरा, यांपैकीं जी संख्या कमी असेल तितके लोक लागतात. आलों होतों आम्ही मोजून बावीस. सभा तहकूब झाली. तहकूब सभेस गणपूर्ति लागत नाहीं, ही गोष्ट सर्व अनुभवी मंडळींस ठाऊक असते आणि पुष्कळ ठिकाणीं सगळा कारभार तिच्यावरच चालतो. दुसऱ्या वेळीं तीस-पस्तीस माणसें होतीं, त्यांत बायका सात-आठ. जमाखर्च वाचला गेला, पण पोथी संपविण्याच्या घाईनें वाचावा तसा. 'हापशी दुरुस्ती' असें म्हणून एक रक्कम आली आणि पुढें गेली. तेव्हां मागें भिंतीशीं बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनें विचारलें, "कोणती हापशी?"

"शाळेजवळची, आजी."

"शाळेजवळची तर काढून नेली ना, नळ आला तवा."

कोणी हंसलें नाहीं. वाचणाऱ्यानें पान मागें उलटलें, पुन्हां पुढें उलटलें, आणि चौकशी करून सांगतों म्हणाला. आम्हीं उठून एवढीच विनंति केली कीं, बाईंचा प्रश्न इतिवृत्तांत लिहावा. थोडी कुजबूज झाली, पण लिहिला. सभा संपल्यावर तें पान आम्हीं स्वतः पाहिलें. बाईंस अक्षरओळख नव्हती. त्यांनीं ती ओळ आमच्याकडून दोन वेळां वाचून घेतली, आणि आपलें नांव कोठें आहे तें बोट ठेवून दाखवावयास सांगितलें.